चावडीत जागा होती

गारपगारी हा शब्द आता आमच्या घरात माझ्यापुरताच उरला आहे. नातीला एकदा सांगायला गेलो तर तिला ती एखाद्या पक्ष्याची जात वाटली. म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. आमचं गाव भोकरदनच्याही पुढे, वऱ्हाडाच्या शिवेला लागून. शाळू कापून खळ्यावर यायचा, गहू पिवळा पडायचा आणि नेमकं त्याच दिवसांत, शिमग्याच्या आगेमागे, गारांचं भय असायचं. ती गार अडवायचं काम गावानं एका माणसाला नेमून दिलेलं असे. सुतारानं औत करावं, कुंभारानं मडकी द्यावीत, तशी गारपगाऱ्यानं गार अडवावी. ढग आला की त्यानं मारुतीच्या पारासमोर उघड्यावर, नुसत्या लंगोटीवर उभं राहायचं, त्रिशूळ जमिनीत रोवायचा, शिंगी फुंकायची आणि ढगाला सांगायचं, डोंगरात जा, नाल्यात जा, आमच्या शिवारात येऊ नको. ढग गेला तर सुगीला प्रत्येक खळ्यावरून त्याला धान्याचा वाटा. गार पडलीच तर वाटा अर्धा आणि वर शिव्या. आमच्यावर पडलेली गार वरच्या गावच्या नाथानं, म्हणजे तिथल्या गारपगाऱ्यानं, इकडे हाकलली असंही लोक म्हणत. वरच्या गावातले आमच्या नाथाबद्दल तेच म्हणत असणार.

आमच्या गावचे गारपगारी म्हणजे नाथबाबा. मला कळायला लागलं तेव्हाच ते म्हातारे होते. बायको कधीच वारली होती. मुलगा जालन्याला जिनिंगमध्ये कामाला गेला तो परत आला नाही. बापाचं काम करायची त्याला लाज वाटायची असं लोक म्हणत, आणि मला ते तेव्हाही खरं वाटत नसे, त्याला भीती वाटत असावी. नाथबाबांची झोपडी मारुतीच्या मागे होती. रोज एका घरी त्यांचं जेवण ठरलेलं. आमच्याकडे सोमवारी. पारावरून आमच्या आळीत यायचं तर डाव्या हाताला कासमचाचा पिंजाऱ्याचं घर, त्यानंतर आमचं. सकाळी मी जागा व्हायचो तो मायच्या जात्याच्या घरघरीनं आणि पलीकडून येणाऱ्या चाचांच्या कापूस पिंजायच्या कमानीच्या टणत्कारानं. त्यात सोमवारी दुपारी तिसरा आवाज मिसळायचा. नाथबाबा जेवायच्या आधी गळ्यातली शिंगी एकदा फुंकायचे. शिंगी म्हणजे हरणाच्या शिंगाची बोटभर शिट्टी. आवाज असा बारीक की घरातलं मांजर तेवढं मान वर करायचं.

त्यांना दात नव्हते. माय शाळूची भाकर ताकात कुस्करून, त्यात लसणाची चटणी घालून त्यांच्यापुढे ठेवायची. ते दोन घास खाऊन म्हणायचे, "पोरी, मीठ कमी झालं." माय म्हणायची, "बाबा, मागच्या सोमवारी जास्त झाल्तं." "मंग तसंच ऱ्हाऊ द्यायचं व्हतं, जास्तच बरं व्हतं." हे दर सोमवारी. नाथबाबा काही संत नव्हते, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. तंबाखू मिळाली नाही की ते दिवसभर रागात असायचे, पोरांना काठी उगारायचे आणि वरच्या गावच्या नाथाचा विषय निघाला तर जेवण अर्धं टाकून बोलत बसायचे. पण माझ्यावर त्यांचा लोभ होता. त्याचं कारण त्यांचे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आभाळात उजेड आहे की अंधार एवढंच त्यांना कळायचं. ढग आला की ते पारावरून हाक मारायचे, "दत्तू, कोन्या रंगाचा हाय रे?" काळा असला तर पाणी, हे त्यांनीच मला शिकवलं. काळ्यात हिरवट दिसलं, न घासलेल्या जुन्या तांब्यासारखं, तर गार. मी सांगायचो, मग ते उठायचे. साठ वर्षं आभाळाकडे पाहिलेल्या माणसानं शेवटी माझे डोळे उसने घेतले होते.

नंतर मी औरंगाबादला कॉलेजात गेलो. आमच्या घरात सही करणाराच मी पहिला. माझ्या आधीच्या सगळ्यांनी अंगठे उठवले होते. तेव्हा संस्थानी राज्य, तिथं सगळं शिक्षण उर्दूत. मला उर्दू वाचता यायची, पण वर्गात बोलायची वेळ आली की जीभ जड व्हायची, आणि गावी आलो की तेच मराठीत सांगताना पुन्हा अडखळायचो. दोन्हीकडे मी अर्धा होतो असं वाटायचं. एका तासाला मास्तरांनी गार कशी बनते ते सांगितलं. वर जाणारा गरम वारा, ढगातली थंडी, थेंबावर चढत जाणारे बर्फाचे थर. मी ते वहीत उतरवून घेतलं. त्या रात्री मला झोप आली नाही. मास्तर गारांना उर्दूत 'ओले' म्हणत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे सारखा पार येत होता.

दिवाळीला गावी आलो तेव्हा चावडीत पाटील बसले होते, आणखी आठदहा माणसं होती. पाटलांनी सहज विचारलं, "काय रं कालीजवाल्या, काय शिकून राह्यलास तिथं?" माझ्या तोंडून तेच निघालं. मी वारा सांगितला, थर सांगितले. लोक गप्प बसून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा मोठी माणसं माझ्याकडे मान वर करून पाहत होती. बोलता बोलता माझी भीड गेली.

पाटील म्हणाले, "म्हंजे नाथाच्या हातात काहीच न्हाई?"

"काही नाही," मी म्हणालो. "गार कुणाला अडवता येत नाही."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

"अन् आपले बाप-आजे त्याला सुपानं धान्य देत बसले," पाटील म्हणाले, आणि सगळे हसले. "मंग आपन काहून द्यायचं? पोरगं शिकून आलं, आता तरी श्यानं व्हा."

मला त्याच वेळी वाटलं की काहीतरी चुकतंय. तो वाटा बंद करा असं मी म्हटलं नव्हतं. एवढ्या म्हाताऱ्या, आंधळ्या माणसाचं पोट त्या वाट्यावर आहे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, मलाही. एक वाक्य बोलायला हवं होतं. पण माझ्या शिक्षणाचं पहिल्यांदाच कौतुक होत होतं, आणि मी त्या हसण्यात थोडासा हसलोसुद्धा. ते हसणं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शिमग्याला परत आलो. घरी पाय ठेवला तर माय माझ्याशी नीट बोलेना. ताट वाढलं, करडईची भाजी होती, माझ्या आवडीची, पण ती समोर बसली नाही. शेवटी चुलीकडे तोंड करून म्हणाली, "तुझं गाराचं शास्तर लई लागू पडलं गावाला."

तेव्हा मला कळलं. खरिपाच्या सुगीत एकाही खळ्यावरून नाथबाबांना धान्य मिळालं नव्हतं. पाहता पाहता रोजची जेवणंही बंद पडली होती, कारण तीही त्याच वाट्याची होती. आता फक्त आमच्या घरचा सोमवार आणि कासमचाचांकडचा शुक्रवार उरला होता. मायनं चोरून आणखी दोन दिवस धरले होते. महायुद्धाचे दिवस, घासलेट कार्डावर, धान्यावर सरकारची सक्तीची लेव्ही. कुणाला द्यायचं टाळायला कारण हवंच असतं, आणि ते कारण मी औरंगाबादहून आणून दिलं होतं.

मी नाथबाबांना भेटायला गेलो. ते झोपडीच्या दारात बसले होते. पोट खपाटीला गेलं होतं. मला वाटलं ते शिव्या देतील. त्यांनी पायाच्या आवाजावरून ओळखलं आणि म्हणाले, "आला का कालीजवाला. तंबाखू हाय का?"

माझ्याकडे नव्हती. मी म्हणालो, "बाबा, माझ्याकडून चूक झाली."

"चूक कशाची? गार कोनी अडवती का? मला म्हाईत न्हाई व्हय?" ते म्हणाले. "उभा ऱ्हायलो, कधी गेली, कधी आली. पर तुला येवढं कळतंय तर दुसरं काहून कळंना? त्यायला सांगायचं, की गार थांबत न्हाई तर म्हाताऱ्याला भाईर बी उभं करू नका."

मी म्हणालो, "आता कोण उभं करतंय? वाटाच बंद केला ना."

ते हसले. "तू गाव पाह्यलं न्हाईस अजून," ते म्हणाले.

चारच दिवसांनी मी गाव पाहिलं. दुपार होती. सगळं गाव खळ्यावर. आमच्या खळ्यात कणसांची रास पडली होती, आबा, माझे वडील, मळणीची पात धरून बैल फिरवत होते. वारा एकदम पडला. बैलांनी मान वर केली. पश्चिमेकडून ढग आला आणि त्याच्या पोटात तो रंग होता, जुन्या तांब्याचा. आबांनी बैल सोडले आणि ओरडले, "दत्तू, पेंढ्या टाक राशीवर, जल्दी." खळ्याखळ्यावर तीच धावपळ. ज्यांची पोती भरून झाली होती ते चावडीकडे पोती वाहत होते, कारण चावडीचं माळवदाचं छप्पर पक्कं होतं. गुरं घरांत कोंबली जात होती.

आमचं खळं पारापासून हाकेच्या अंतरावर. मी कडब्याच्या पेंढ्या आणायला धावलो तेव्हा दोन माणसं नाथबाबांना दंडाला धरून आणताना दिसली. मागून पाटील. "मागचं सोडून दे नाथा," पाटील म्हणत होते. "आज अडव. मागचा-पुढचा सगळा वाटा देतो. बराबर देतो." वाटा बंद करताना ज्यांना माझं शास्त्र पटलं होतं त्यांना ढग पाहिल्यावर ते पटेनासं झालं होतं. देणं बंद झालं होतं. उभं राहणं बंद झालं नव्हतं.

त्यांनी म्हाताऱ्याच्या अंगावरची बंडी काढली, हातात त्रिशूळ दिला आणि ते निघून गेले. नाथबाबा ढगाकडे तोंड करून उभे होते, पण थोडे चुकीच्या दिशेला. मी जवळून धावत होतो. त्यांनी पावलं ओळखली.

"दत्तू, कोन्या रंगाचा हाय?"

"हिरवा," मी म्हणालो. "हिरवा आहे बाबा."

आणि मी पुढे धावलो. हातात पेंढ्या होत्या. मनात असं होतं की आधी रास झाकू, मग त्यांना घेऊन जाऊ. खोटं नाही सांगत, मनात होतं. पण आधी रास. आमच्याकडे वादळ आलं की क्रम ठरलेला असायचा: धान्य, गुरं, औतं, मग लेकरं, आणि म्हातारी माणसं कुठंतरी असतीलच, भिंतीला धरून येतील. हा क्रम कुणी सांगितलेला नव्हता. तो हातापायांत होता. माझ्याही होता, एवढं शिकून.

पहिली गार खळ्यावर आपटली ती लिंबाएवढी होती. मग आभाळच फुटलं. आबा आणि मी पळत चावडीत शिरलो. आत तीसचाळीस माणसं, भिंतीला लागून छातीएवढी पोती रचलेली, ओलाचिंब वास. बाहेर दुपारचा काळोख झाला होता. कंदील होता, पण त्यात घासलेट नव्हतं. दारातून पार दिसत होता, वीस पावलं नसेल. नाथबाबा वाकले होते. एक हात त्रिशूळावर, दुसरा डोक्यावर. गारांच्या आवाजात शिंगी ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्यांचे गाल फुगताना मला दिसत होते.

मी म्हणालो, "त्यांना आत घ्या." माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. पुन्हा म्हणालो.

पाटील म्हणाले, "तो त्याच्या कामावर हाय. आत आनला तर आपल्या हातानंच गार घेतली म्हन की."

कुणीतरी म्हणालं, "अजून थोडं. ढग सरकून राह्यला."

मी दाराशी उभा राहिलो. बाहेर पाऊल टाकलं नाही. किती वेळ, ते सांगता येत नाही. मला तेव्हा गारांची भीती वाटली की पाटलांची, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेलो नाही.

तेवढ्यात आमच्या आळीच्या तोंडाशी माय दिसली. डोक्यावर पितळी परात पालथी धरलेली, लग्नात आलेली, तिच्यात आमच्या घरातल्या सगळ्या सणांचं पीठ मळलेलं. गारा परातीवर पडत होत्या आणि लोहाराच्या घणासारखा आवाज येत होता. ती पळत नव्हती. जपून, घसरू नये म्हणून पाय रोवत चालत होती. पाराजवळ गेली आणि तिनं परात स्वतःच्या डोक्यावरून काढून नाथबाबांच्या डोक्यावर धरली. तिचा पदर एका क्षणात भिजून चिकटला, खांद्यावर गार बसली तेव्हा ती वाकली, पण परात हलली नाही.

तेव्हा मी बाहेर पडलो. एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल, की तेव्हा तरी पडलो. मी नाथबाबांना उचललं. त्रिशूळ ते सोडेनात. माय त्यांच्या कानाशी ओरडली, "सोडा बाबा, रोवलेला हाय त्यो, त्याला काय बी होत न्हाई." मी चावडीकडे वळलो, ती जवळ होती. मायनं माझा दंड धरून मला फिरवलं. चावडीच्या दारावरून जाताना ती आत पाहून बोलली, ओरडून नव्हे, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तिथं नको. तिथं पोत्यायला जागा हाय."

कासमचाचांनी दार आधीच उघडून ठेवलं होतं. "इधर लाव, इधर लाव," करत त्यांनी नाथबाबांना पिंजलेल्या कापसाच्या ढिगात निजवलं, भिजलेली लंगोटी काढली आणि कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची, नुकती भरलेली नवी रजई त्यांच्याभोवती गुंडाळली. माय म्हणाली, "चाचा, ते लग्नाची हाय." चाचा म्हणाले, "दूसरी भर दूंगा. बुढ्ढा दूसरा कहां से लाऊं?" घरात अंधार होता, त्यांच्याकडेही घासलेट संपलं होतं. चुलीच्या उजेडात दिसलं ते सांगतो. एक कान फाटला होता. उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. टाळूवर दोन ठिकाणी सुजून आलं होतं. दात नसलेलं तोंड थंडीनं एकसारखं हलत होतं, जेवल्यासारखं. बऱ्याच वेळानं ते बोलले ते असं, "पोरी, तू मला आत आनलं म्हनून पडली म्हनतील आता."

आणि तेच म्हटलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवारात पिकाची गुडघाभर धाटं उरली होती, गहू जमिनीत तुडवल्यासारखा झाला होता. ज्याचं पीक गेलं त्याचा राग मला कळतो. आमचंही गेलं होतं. पण राग कुणावर काढायचा हे माणसाला निवडता येतं. पाटील पाचसहा जणांना घेऊन आमच्या दारात आले. "ढग सरकत व्हता," ते म्हणाले. "हिनं त्याला हलवलं अन् राहिलेली गार आपल्यावर पडली."

आबा खाली मान घालून उभे होते. मी पुढे झालो, म्हणालो, "गार कुणाला अडवता येत नाही, हे मी दिवाळीत सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतंस ना? मंग आमी वाटा बंद केला ते बराबरच केलं," पाटील म्हणाले.

उत्तर मायनं दिलं. ती दारात परात घासत बसली होती, परातीला गारांनी पोचे पडले होते. हात न थांबवता म्हणाली, "पाटील, माझ्यानं पडली तर माझ्यानं पडली. पर मला एक सांगा. काल चावडीत किती मानसं व्हती?"

"व्हती तीसचाळीस."

"त्यात सत्तरच्या वरचं कोन व्हतं?"

त्या चाळिसात एकही म्हातारं माणूस नव्हतं. गावातली बाकीची म्हातारी कुठं होती, हे तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं असावं. एक म्हातारी गोठ्यात बैलांच्या पायांत बसून राहिली होती. एक खळ्यावरच कडब्याखाली. नशीब, दोघी जगल्या. पाटील खाकरून निघून गेले. पण "दत्तूच्या मायनं गार पाडली" हे आमच्या घराला पुढे कित्येक वर्षं चिकटून राहिलं. माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक जमताना ते निघालं होतं.

इथं थोडं आजचं लिहितो, राहवत नाही म्हणून. मागच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत वादळ झालं. तारा तुटल्या, दोन दिवस लाईट नव्हती. वारा सुटताच खाली एकच गलका झाला. मी गॅलरीतून पाहिलं तर सगळे आपापल्या स्कूटर जिन्याखाली घेत होते. एकमेकांना मदत करत होते, अगदी आपुलकीनं. खालच्या मजल्यावर एक बाई एकट्या राहतात, माझ्याहून थकलेल्या, त्यांना दमा आहे. त्यांचं दार कुणी वाजवलं नाही. माझंही नाही. स्कूटरला जागा झाली. मी काठी घेऊन, भिंत चाचपत अंधारात खाली उतरलो आणि त्यांचं दार वाजवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला आलात या वयात, पडला असता." मी म्हणालो, एकदा उशीर झाला होता. त्यांना काही कळलं नाही. माझी सून मात्र नंतर मला बरीच रागावली.

नाथबाबा त्या गारपिटीतून वाचले. खांदा बसला नाही, हात वर जाईना. महिनाभर कासमचाचांकडे राहिले, मग मायनं त्यांना आमच्या पडवीत आणलं. आबा आधी कुरकुरले, नंतर त्यांना तंबाखू मळून देऊ लागले. मिठाचं भांडण आता सोमवारपुरतं उरलं नाही, रोजचं झालं. ढग गडगडला की ते अंथरुणातून उठायला बघायचे, झोपेतसुद्धा, आणि माय म्हणायची, "बसा बाबा."

पुढच्या शिमग्याला मी गावी आलो तेव्हा कळलं की पाटलांनी वऱ्हाडातून नवा गारपगारी आणला आहे. पंचविशीतला, अंगानं भरलेला. त्याला झोपडी नीट करून दिली होती आणि त्याचा वाटा आधीच ठरवून दिला होता, पूर्ण. मी ते ऐकलं आणि ताट सारून उठलो. म्हणजे माझं शास्त्र गावाला कधी पटलंच नव्हतं. ज्याला उत्तर देता येत नव्हतं अशा म्हाताऱ्याचं पोट मारायला ते एकदा वापरलं आणि टाकून दिलं. मी त्या वेळी चावडीत गेलो, कुणी बोलावलं नव्हतं, आणि उभं राहून सांगितलं की नाथबाबांचा वाटा गार अडवल्याचा नव्हता. ते साठ वर्षं तुमच्यासाठी उघड्यावर उभे राहिले, त्याचा होता, आणि तो अजून त्यांचा आहे. शब्द मागेपुढे झाले. पाटील म्हणाले, "भाषण कालीजात कर." पण दोघंतिघं हसले नाहीत. त्यातल्या एकानं संध्याकाळी आमच्या पडवीत सूपभर शाळू आणून ठेवला आणि न बोलता गेला.

त्याच आठवड्यात दुपारी ढग आला. मी पडवीच्या दारात उभा होतो, तिथून पार दिसायचा. नवा गारपगारी त्रिशूळ रोवून उभा राहिला. त्याची शिंगी वाजली, तरुण छातीतली, चांगली मोठी. नाथबाबांनी ती ऐकली आणि डाव्या हातानं भिंत धरून उठू लागले.

"बसा बाबा," माय म्हणाली. "आज तुमची पाळी न्हाई."

"कोन्या रंगाचा हाय?" त्यांनी मला विचारलं.

"हिरवा आहे."

ते बसले. पहिल्या गारा पडल्या, बोराएवढ्या. पारावरचा तो पोरगा दोन क्षण उभा राहिला आणि मग त्रिशूळ तिथंच सोडून धूम पळत चावडीत शिरला. दारातल्या माणसांनी सरकून त्याला जागा करून दिली. कुणीतरी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. कुणी त्याला परत धाडलं नाही.

"उभा हाय का त्यो?" नाथबाबांनी विचारलं.

मी म्हणालो, "नाही. चावडीत गेला."

"अन् घेतला का आत?"

"घेतला."

माळवदावर गारा वाजत होत्या. माय परात घेऊन दाराशी बसली होती, उगाच, हाताशी असावी म्हणून. मला वाटलं ते चिडतील, निदान रडतील. मला तर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे. त्यांनी मोडका खांदा जरा सावरला, आणि बिनदातांचं तोंड हललं.

"श्याना हाय पोरगं," ते म्हणाले. "मला कोनी सांगितलंच न्हाई, आत जाता येतं म्हनून."